पाय आधी, कपडे नंतर

कोथरूडमधल्या एका खोलीत चार जण जून 2022 मधला एक ट्रेलर बघत बसले होते. ट्रेलर जेमतेम काही मिनिटांचा, पण तो संपायचं नाव घेत नव्हता. एकाचं बोट कीबोर्डवरच्या स्वल्पविरामाच्या कळीवर होतं. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून ही कळ दाबली की चित्र एक फ्रेम मागे जातं. शेजारची पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढं. पडद्यावर लांब वेणीचा जेमी नावाचा तरुण भर मारामारीत तुंबा तोंडाला लावून काहीतरी पीत होता.

“काय पितोय ते सोडा, काका,” खुर्चीतल्या मुलानं मला सांगितलं. “पिताना किती वेळ उघडा पडतो, ते बघा.”

यंदा संपादकांनी ‘वाट पाहणं’ हा विषय दिला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ही जमात आली. जपानमध्ये एखादा नवा फायटिंग गेम जाहीर होतो. तो हातात यायला वर्ष, कधी दोन वर्षं असतात. तेवढ्या काळात जगभरचे खेळाडू ट्रेलरमधल्या पात्रांचा कण न् कण तपासतात. बूट, बोटं, दाढी, सावली, उडी मारल्यावर जमिनीवर टेकायला लागलेला वेळ, काही सुटत नाही. ही नुसती उतावीळ आहे की तिच्यात खरोखर काही विद्या आहे, हे मला बघायचं होतं. म्हणून मुद्दाम असा गेम निवडला, ज्याची उत्तरं आता सर्वांना ठाऊक आहेत. कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर 6’. फेब्रुवारी 2022 मध्ये त्याची पहिली झलक आली आणि 2 जून 2023 ला तो बाजारात आला. मधल्या सव्वा वर्षात लोकांनी जे जे ओळखलं आणि जे जे चुकलं, ते आज ताडून पाहता येतं. या चौघांना मी विनंती केली की तेव्हा बसला होतात तसेच पुन्हा एकदा बसा.

सेकंदाचे साठ तुकडे

फायटिंग गेमचा काळ सेकंदात मोजत नाहीत. हे गेम सेकंदाला साठ चित्रं दाखवतात, आणि त्यातलं एक चित्र म्हणजे एक फ्रेम. प्रत्येक फटक्याचे तीन भाग असतात. हात निघून लागेपर्यंतचा काळ, फटका प्रत्यक्ष लागू शकतो तो काळ, आणि हात परत घेऊन सावरेपर्यंतचा काळ. मालिकेच्या नायकाचा, म्हणजे र्‍यूचा उभ्यानं मारलेला हलका पंच चौथ्या फ्रेमला लागतो, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या हिश्शात. माणसाला डोळ्यांनी बघून बोटानं बटण दाबायला साधारण बारा ते पंधरा फ्रेम लागतात. त्यामुळे हलका पंच बघून कुणीच अडवत नाही. तो येणार हे आधीच धरून चालावं लागतं.

उलट याच गेममधला ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’ घ्या. रंगांचा फवारा उडवत येणारा, समोरच्याचे दोन फटके अंगावर झेलूनही न थांबणारा हा फटका लागायला 26 फ्रेम घेतो. अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर. दक्ष खेळाडूला तो दिसतो, उत्तर देता येतं, पण लक्ष जरा दुसरीकडं असेल तर हमखास लागतो. 26 हा आकडा माणसाच्या नजरेच्या नेमक्या कडेवर बसवलेला आहे. 20 असता तर फार थोड्यांना अडवता आला असता, 35 असता तर क्वचितच कुणाला लागला असता.

मला इथं कोल्हापूरच्या तालमीतली खडाखडी आठवली. पकड पडण्याआधी दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर, मनगटावर हात टाकून अंदाज घेतात. वजन कुठल्या पायावर आहे, खांदा किती ताठ आहे, हे तेव्हाच कळतं. ट्रेलर वाचणारी मुलं हेच करतात, फक्त समोरचा पैलवान अजून आखाड्यात उतरलेला नसतो.

म्हणून त्या खोलीत जेमीच्या वेणीवर कुणी बोललं नाही. पिण्याच्या हालचालीची सुरुवात कुठं, शेवट कुठं, एवढंच मोजलं गेलं. मारामारीत थांबून पिणारा माणूस फुकट पिणार नाही. तेवढा वेळ तो मार खायला उघडा राहत असेल, तर त्या घोटाची काहीतरी किंमत मिळत असणार. प्यायल्यावर त्याची ताकद किंवा हालचाली बदलत असणार, हा त्यांचा तेव्हाचा तर्क, आणि तो खरा ठरला. जेमी चार घोटांपर्यंत चढत जातो. प्रत्येक घोटाबरोबर त्याचे फटके जड होतात आणि नवे डाव खुले होतात. लढाईच्या सुरुवातीला तो सगळ्यांत दुबळा असतो. त्याच्याशी खेळायचं म्हणजे त्याला पिऊ द्यायचं नाही, हे गेम येण्याआधी वर्षभर या चौघांनी वहीत लिहून ठेवलं होतं.

देह म्हणजे वचन

फायटिंग गेमच्या पात्राचं शरीर नुसतं दिसण्यासाठी नसतं. कादंबरीतल्या नायकाला लांब हात असले तर कथेला फारसा फरक पडत नाही. इथं लांब हात म्हणजे लांबून मारता येणं. आणि तेवढाच लांब देह मार खायला उपलब्ध असणं. प्रत्येक पात्राभोवती गेममध्ये अदृश्य चौकटी असतात: एक मारणारी, एक मार खाणारी. चित्रकार जो आकार काढतो त्यावर या चौकटी बसतात. म्हणून मोठा देह आणि सडपातळ देह यांत सौंदर्यापेक्षा हिशेबाचा फरक जास्त.

डिसेंबर 2022 मध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’च्या सोहळ्यात चार पात्रं एकदम दाखवली गेली: डी जे, मॅनन, मरीसा आणि जेपी. त्यातली मरीसा इटलीची, दागिने घडवणारी, ग्रीक योद्ध्यांचा वारसा सांगणारी. खांदे दरवाजाएवढे. तिला बघून कुणीही म्हणेल की बाई ताकदवान आहे. जाणकारांनी मात्र पाहिलं की ती मागं हटत हटत लढत नाही. मूठ मागं ओढून धरते, समोरून फटका येतो तो अंगावर घेते आणि मग सोडते. झेलून मारणारी. गेम आल्यावर आकडे कळले. बहुतेक पात्रांचा जीव 10,000, मरीसाचा 10,500, आणि रशियाच्या झँगीफचा 11,000. देहानं दिलेलं वचन आकड्यांनी पाळलं.

मॅननचं कोडं अवघड होतं. ती फ्रान्सची, ज्युडो आणि बॅले दोन्ही करणारी. पायाच्या अंगठ्यावर उभी राहते, गिरकी घेते. बॅले बघून ती लांब पायांची, दुरून मारणारी वाटली असती. पण तिच्या सगळ्या गिरक्या शेवटी एकाच जागी येऊन थांबतात: समोरच्याच्या कॉलरपाशी. ती पकडून फेकणारी निघाली. खास पकड यशस्वी झाली की तिला एक पदक मिळतं, अशी पाचपर्यंत, आणि पुढच्या फेरीतही ती कायम राहतात. म्हणजे पहिल्या फेरीत हरली तरी जमवलेली पदकं तिच्या गळ्यात असतात, आणि पुढची प्रत्येक पकड जास्त लागते. मला या गेममधली सर्वांत देखणी कल्पना हीच वाटते. खेळाडू स्पर्धेत पुढं जाताना पदकं जमवतो, ही साधी गोष्ट तिच्या लढण्याचा नियम बनली आहे.

काठी टेकत येणारा, चांदीच्या केसांचा सभ्य गृहस्थ जेपी याच्या उलट. तो जवळ येतच नाही. त्याचे पाय पाहा, जवळजवळ हलत नाहीत. जमिनीतून, हवेतून जांभळ्या काट्यांसारखे हल्ले उगवतात आणि तो काठीवर हात ठेवून उभा. पाय न हलवता लढणाऱ्यापाशी पोचणं हाच समोरच्याचा सगळा खेळ असणार, हे त्या ट्रेलरवरूनच स्पष्ट होतं. गेम आल्यानंतरचे पहिले कित्येक महिने तो अव्वल पात्रांत गणला गेला.

पोझ वाचण्याची ही कला जपानी स्टुडिओंनीच शिकवली आहे. योकोहामाच्या आर्क सिस्टम वर्क्सनं 2014 मध्ये ‘गिल्टी गियर झर्ड’ काढला. त्रिमितीय मॉडेल वापरूनही तो हातानं रंगवलेल्या ॲनिमेसारखा दिसायचा. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्यांच्या एका मुरलेल्या कलाकारानं, ज्युन्या मोतोमुरा यांनी, ते कसं केलं हे उलगडून सांगितलं. संगणक दोन पोझच्या मधली चित्रं आपोआप भरतो, ती सोय त्यांनी वापरली नाही. प्रत्येक पोझ माणसानं ठरवायची, ती काही फ्रेम तशीच धरून ठेवायची, मग एकदम पुढची. गरज पडली तर त्या एका पोझपुरता हात मोठा करायचा, चेहरा ओढायचा, सावली हातानं बसवायची. त्यामुळे त्या गेमचं कुठलंही थांबवलेलं चित्र कुणीतरी विचारपूर्वक तिथं ठेवलेलं असतं. वाचणाऱ्याच्या कष्टाला तिथं अर्थ आहे, कारण काढणाऱ्यानंही तेवढेच कष्ट घेतले आहेत.

कागद-पेन घेऊन रांगेत

फ्रेम मागेपुढं करायची सोय नव्हती, तेव्हाही वाट पाहणारे होतेच. जपानमध्ये आर्केडचा जमाना होता. नवा गेम पुरा व्हायच्या आधी कंपनी त्याचं अर्धवट यंत्र टोकियोतल्या अकिहाबारा किंवा शिंजुकूसारख्या गर्दीच्या भागातल्या एखाद्या आर्केडमध्ये थोड्या दिवसांसाठी ठेवायची. याला लोकेशन टेस्ट म्हणतात. जपानी खेळाडूंच्या तोंडी नुसतं ‘रोकेते’. लोक रांगा लावायचे. फोटो, चित्रीकरण याला सहसा मनाई. मग पाळी येईपर्यंत दुसऱ्याचा खेळ बघायचा, पाळी आली की जमेल तेवढी बटणं दाबून पाहायची, बाहेर येऊन आठवेल तेवढं कागदावर उतरवायचं. कुठलं पात्र आहे, कुठलं नाही. जुन्या डावांपैकी कुठला गेला, नवा कुठला आला, कुठल्या फटक्यानंतर आपल्याला आधी हालता येतं. ही टिपणं हातोहात पसरायची.

कंपनीचा फायदा वेगळा. आर्केडमध्ये नाणं टाकून खेळणारा माणूस खोटं बोलत नाही. कंटाळला तर उठून जातो, आवडलं तर पुन्हा रांगेत उभा राहतो. कुठल्या पात्राभोवती गर्दी आहे आणि कुठलं सतत हरतं आहे, हे कंपनीला तिथं उभं राहून कळायचं.

आणि ही भूक भागवायला मासिकं होती. 1986 मध्ये सुरू झालेलं ‘गेमेस्ट’ हे आर्केड खेळाडूंचं मासिक 1999 मध्ये प्रकाशन संस्था बुडेपर्यंत निघत राहिलं. ‘स्ट्रीट फायटर 2’च्या लाटेत त्याचे जाडजूड विशेषांक निघाले. पात्रवार डाव, फटक्यांच्या चौकटी, कुणासमोर काय चालतं याची चर्चा. दिवाळी अंक हातात घेऊन वाढलेल्या वाचकाला ते अंक परके वाटणार नाहीत.

‘टेक्केन 7’च्या वेळी याच पद्धतीचा एक टोकाचा परिणाम दिसला. मार्च 2015 मध्ये तो जपानी आर्केडमध्ये आला. घरच्या यंत्रांवर यायला जून 2017 उजाडला. सव्वादोन वर्षं बाकीचं बरंचसं जग तो फक्त बघत होतं. भारतातल्या टेक्केनवेड्यांनी ती पात्रं हात न लावता पाठ केली होती. आमच्याकडं टेक्केनचं वेड ‘टेक्केन 3’पासूनचं. त्याआधी गल्लीतल्या व्हिडिओ पार्लरमध्ये कॅपकॉमचाच 1993 चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ धुमाकूळ घालायचा, पण त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. पिवळ्या टोपीच्या पात्रावरून सगळे त्याला ‘मुस्तफा’च म्हणायचे. पात्रावरून गेम ओळखण्याची सवय आपल्यालाही जुनीच आहे.

केनचा घटस्फोट झालेला नाही

आता चुकीची गोष्ट. जून 2022 च्या पहिल्या आठवड्यात ‘स्ट्रीट फायटर 6’ची चित्रं फुटली. एकदोन नव्हे, 22 पात्रांची: गेमबरोबर येणारी अठरा आणि नंतर भर पडणारी चार. कॅपकॉमनं नाकारलं नाही. चित्रं आम्हीही पाहिली, आपण सगळे यात एकत्र आहोत, अशा अर्थाचं समंजस निवेदन दिलं. महिनोन् महिने एकेक करून पात्रं उलगडण्याचा त्यांचा बेत एका दिवसात उघडा पडला होता, हे लक्षात घेतलं तर तो संयम कौतुकाचा आहे.

त्या चित्रांत केन मास्टर्स होता. 1987 च्या पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’पासूनचा र्‍यूचा श्रीमंत मित्र, लाल पोशाखाचा, सोनेरी केसांचा, बायको एलायझा आणि मुलगा मेल असलेला सुखी माणूस. फुटलेल्या चित्रात त्याची दाढी वाढलेली, केसांचा रंग मुळाशी उतरलेला, अंगावर साधं जाकीट. लोकांनी तत्काळ निकाल दिला. केनचा घटस्फोट झाला, घर गेलं, पैसा गेला. त्यावर चित्रं, विनोद, गाणी निघाली. दिग्दर्शक ताकायुकी नाकायामा यांना शेवटी सांगावं लागलं की केनचा घटस्फोट झालेला नाही. सप्टेंबरमध्ये टोकियो गेम शोमध्ये त्याची खरी ओळख झाली, आणि गेमसोबतच्या कॉमिकमधून गोष्ट कळली. नेशॉल नावाच्या काल्पनिक देशातल्या कटात त्याला गोवलं गेलं होतं. घरच्यांना धोका नको म्हणून तो फरार होता.

वाचन का चुकलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. दाढी, कपडे, केसांची मुळं ही सगळी निरीक्षणं अचूक होती. माणूस अडचणीत आहे इथपर्यंतचा निष्कर्षही बरोबर. चूक पुढच्या पायरीवर झाली. चित्रातल्या तपशिलावरून लोकांनी भूतकाळ रचला, आणि चित्रात भूतकाळ नसतो.

याच टोकियो शोच्या ट्रेलरमध्ये ज्यांनी केनचे पाय पाहिले, त्यांना वेगळंच दिसलं. तो आता धावत पुढं घुसतो. एक लाथ मारतो आणि तिच्यातून तीन वेगवेगळ्या लाथा निघू शकतात. कुठली येणार हे समोरच्याला शेवटपर्यंत कळत नाही. समोरच्याला ढकलत भिंतीपर्यंत न्यायचं आणि तिथं कोंडून मारायचं, हा या केनचा स्वभाव. कपडे वाचणाऱ्यांना दुःखी नवरा दिसला. पाय वाचणाऱ्यांना गेममधल्या सर्वांत आक्रमक पात्रांपैकी एक दिसलं.

चुन-लीच्या बाबतीत मात्र कपड्यांनीही खरं सांगितलं, आणि म्हणून सरसकट नियम करता येत नाही. 1991 पासून तिच्या मनगटांवर काटेरी कडी होती. वडिलांच्या खुन्याच्या मागावर निघालेली पोलीस अधिकारी, तिची ती खूण. नव्या रूपात काटे गेले. शॅडालू ही गुन्हेगारी संघटना संपली, सूड संपला, आता ती एका मुलीला सांभाळते आणि शेजाऱ्यांना शिकवते. ज्यांनी काटे नाहीत हे पाहून एवढंच म्हटलं की ‘तिची लढाई संपलेली दिसते’, ते बरोबर होते. फरक इतकाच की तीस वर्षं एकाच अर्थानं वापरलेली वस्तू इथं काढून टाकली होती. अशा खुणेवर विसंबता येतं. एका दिवसाच्या दाढीवर नाही.

धालसिमचे हात

टोकियोच्या त्याच शोमध्ये धालसिमही आला. भारतातून या मालिकेत आलेला सर्वांत प्रसिद्ध माणूस. 1991 च्या ‘स्ट्रीट फायटर 2’मध्ये आठ खेळाडूंत तो होता: कृश देह, गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, रबरासारखे ताणले जाणारे हातपाय. त्याच्या मैदानात सोंड हलवणारे हत्ती आणि मागं गणपतीचं चित्र. गोष्ट अशी की त्या कवट्या साथीच्या रोगात दगावलेल्या त्याच्या गावातल्या मुलांच्या आहेत, आणि गावासाठी पैसे मिळवायला तो अहिंसेचा विचार बाजूला ठेवून लढतो. बायकोचं नाव सॅली, मुलाचं दत्ता.

भारतीय डोळ्यांनी हा तपशील वाचताना राग यावा असं बरंच आहे. योग, अग्नी, कवट्या, हत्ती, गणपती, सगळं एकाच गाठोड्यात. कवट्यांची माळ आणि योगाभ्यास यांचा असा सरधोपट संबंध आपण जोडणार नाही. जपानी कलाकारांना हा माणूस हाँगकाँगच्या कुंग-फू चित्रपटांतून मिळाला. 1976 च्या ‘मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटीन’मध्ये हात लांब करणारा भारतीय योगी आहे. म्हणजे आपलं चित्र आपल्यापर्यंत दोन देश फिरून आलं. हा दोष मी पाठीशी घालणार नाही.

पण पात्राच्या पायांकडं आणि हातांकडं पाहिलं, तर धालसिमइतकी शुद्ध कल्पना या मालिकेत दुसरी नाही. बाकी सगळे अंतर पार करून मारतात. धालसिम जागेवरून अंतरच वापरतो. त्याची चाल मंद, उडी तरंगती, सावकाश. म्हणून त्याला गर्दी नको असते. तो अर्ध्या पडद्यावरून मारतो, पण ताणलेला हात हा त्याचाच देह असल्यामुळे त्या हातावरही मार बसतो. धाडस करून हात लांब केला तर हातालाच इजा. नवख्यानं धालसिम घेतला की तो हातपाय फेकत सुटतो आणि मार खातो. मुरलेला खेळाडू कमी मारतो, समोरच्याला एका ठरावीक अंतरावर उभा ठेवतो. त्या खोलीतल्या चौघांपैकी एकाचं ‘मेन’ पात्र हेच. त्याचा खेळ बघताना पडद्यावर अर्धा वेळ काहीच घडत नव्हतं, आणि समोरच्याच्या कपाळाला घाम आला होता.

‘स्ट्रीट फायटर 5’पासून धालसिमला लांब दाढी आणि फेटा आला. तो थोरला, शिकवणारा झाला. 1990 च्या दशकात याच मालिकेच्या ‘ईएक्स’ शाखेत दारुन मिस्टर नावाचा भारतीय मल्लही होता, पकडून आपटणारा, पण तो मुख्य मालिकेत कधी आलाच नाही. माझ्या मते ही चुकामूक भरून काढायला हवी. दंड, बैठका, मुद्गल आणि लाल माती यांतून घडलेल्या मल्लाच्या देहात लढण्याचे जितके नियम आहेत, तितके एखाद्या गेम डिझाइनरला आयते सापडणार नाहीत.

जे आधी कुणाला दिसलं नाही

ट्रेलर बनवणारेही कच्चे नसतात. कापलेल्या चित्रांत समोरचा कधीच अडवत नाही. कॅमेरा नाट्यमय कोनात फिरतो, तेव्हा अंतर मोजता येत नाही. दाखवलेले आकडे गेम येईपर्यंत बदलतात. शिवाय काही गोष्टी बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतात. आज ज्याच्याशिवाय फायटिंग गेमची कल्पना करता येत नाही तो कॉम्बो, म्हणजे एकात एक अडकवलेल्या फटक्यांची अतूट साखळी, ‘स्ट्रीट फायटर 2’मध्ये ठरवून आणलेला नव्हता. गाडी फोडायच्या बोनस फेरीची तपासणी करताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आलं की एका फटक्याच्या मध्येच दुसरा फटका बसवता येतो. साधायला कठीण होतं, म्हणून गेममध्ये तसंच राहू दिलं. कुठला ट्रेलर हे दाखवू शकला असता?

म्हणूनच बीटा चाचणीला, म्हणजे गेम येण्याआधी खेळाडूंनाच तो खेळू देण्याला, महत्त्व. ‘स्ट्रीट फायटर 6’ची पहिली बंद बीटा 7 ते 10 ऑक्टोबर 2022 ला झाली. अठरापैकी आठच पात्रं: लूक, जेमी, र्‍यू, चुन-ली, गाइल, किम्बर्ली, जुरी आणि केन. ट्रेलरमध्ये प्राणपट्टीखाली सहा हिरवे ठोकळे दिसत होते. ड्राइव्ह इम्पॅक्ट असो, पुढं घुसायची हिरवी झेप असो की फटका अडवणं, सगळं त्याच सहा ठोकळ्यांतून भागवायचं असतं हे बीटा खेळणाऱ्याच्या बोटांना पहिल्या तासात कळलं. ठोकळे संपले की पात्राचा रंग उडतो, अडवल्यावरही जीव कमी होतो, कोपऱ्यात इम्पॅक्ट बसला तर शुद्ध हरपते. ट्रेलर बघून सगळे इम्पॅक्टच्या रंगांवर फिदा होते. प्रत्यक्षात गेमचा आत्मा त्या हिशेबात निघाला: सहा ठोकळे कधी, कशावर खर्चायचे.

आता तर हे मोजायची सोय गेममध्येच आहे. सराव मोडमध्ये पडद्यावर फ्रेमची पट्टी उघडते. मारलेल्या प्रत्येक फटक्याचे तीनही भाग वेगवेगळ्या रंगांत दिसतात. एके काळी खेळाडू जे डोळ्यांनी आणि मासिकांतून गोळा करायचे, ते कॅपकॉमनं अधिकृतपणे समोर ठेवलं. मी ती पट्टी उघडून जेमीला प्यायला लावलं, हलके पंच मारले, केनला धाववलं. दोन बटणांच्या मधला जो काळ मला रिकामा वाटायचा, तो तिथं चौकोनांनी गच्च भरलेला होता.

आणि तो फरार, दाढी वाढलेला केन? ऑगस्ट 2023 मध्ये लास वेगासला ‘इव्हो’ स्पर्धा झाली. ‘स्ट्रीट फायटर 6’साठी 7,000 हून जास्त खेळाडूंनी नावं नोंदवली होती. संयुक्त अरब अमिरातीचा अँग्रीबर्ड या नावानं खेळणारा खेळाडू केन घेऊन उतरला आणि जिंकला.

पुढचा ट्रेलर

निघता निघता चौघांनी मला पुढचं काम दाखवलं. जून 2025 मध्ये जाहीर झालेला ‘मार्व्हल तोकोन: फायटिंग सोल्स’. आर्क सिस्टम वर्क्सचाच. चार विरुद्ध चार पात्रांचा संघ. पहिल्या ट्रेलरमध्ये कॅप्टन अमेरिका, आयर्न मॅन, स्टॉर्म, डॉक्टर डूम यांच्या सोबत मिस मार्व्हल, म्हणजे न्यू जर्सीत वाढलेली पाकिस्तानी वंशाची कमला खान आहे. तिचे हात लांब होतात, मुठी मोठ्या होतात. धालसिमवाल्या मुलानं चित्र थांबवलं आणि एकच प्रश्न विचारला: ताणलेल्या हाताला मार बसतो का? ट्रेलरमध्ये उत्तर नाही. त्यानं प्रश्न वहीत लिहून ठेवला.

तो गेम 2026 साठी जाहीर झाला, आणि सेगाच्या ‘व्हर्चुआ फायटर’चाही नवा अवतार घडतो आहे. तुमच्या घरात असा एखादा मुलगा किंवा मुलगी स्वल्पविरामाची कळ दाबत बसली असेल, तर संगणक बंद करायला सांगण्याआधी शेजारी खुर्ची ओढून बसा. ‘हा फटका किती फ्रेमचा?’ एवढंच विचारा आणि पूर्ण उत्तर ऐकून घ्या.